'शयनपट' नको, 'स्लीपर'च बरा: लाकडी स्लीपर आणि त्याच्या देखभालीचे शब्द

रेल्वेमार्गाच्या देखभालीवरील एका जुन्या इंग्रजी पुस्तिकेचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. रुळांखालच्या लाकडी स्लीपरला मराठी शब्द कोणता वापरावा, हा पहिला. त्यांना 'शयनपट' आणि 'तुळई' असे दोन पर्याय सुचवण्यात आले आहेत. स्लीपर तासणे, भोके पाडणे, खडी भरणे या कामांसाठी आणि त्यांच्या हत्यारांसाठी मराठीत शब्द आहेत की तेही घडवावे लागतील, हा दुसरा. माझ्या मते पहिल्या ठिकाणी इंग्रजीतून आलेला शब्द ठेवावा आणि दुसऱ्या ठिकाणी नवा शब्द घडवण्याची गरज जवळपास नाहीच, कारण हे काम मुळात सुताराचे आहे आणि सुताराचे शब्द मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

'शयनपट' हा शब्द इंग्रजी शब्दाचा अर्थ धरून केलेला आहे. इंग्रजीत जमिनीलगत आडव्या टाकलेल्या आधाराच्या लाकडाला 'स्लीपर' म्हणण्याचा प्रघात रेल्वेच्या आधीपासून होता, आणि रेल्वेने तो बांधकामातून उचलला. अमेरिकेत याच वस्तूला 'टाय' म्हणतात, म्हणजे दोन रुळांना बांधून ठेवणारा. फ्रेंच शब्दाच्या मुळाशी 'आडवे असणे' आहे, तर जर्मन शब्दाचा मूळ अर्थ चक्क 'उंबरठा' असा आहे. वस्तू एकच असूनही कोणाला ती निजलेली दिसली, कोणाला बांधणारी, तर कोणाला उंबरठ्यासारखी. मराठी सुताराच्या बोलण्यात लाकूड आडवे असते, उभे असते, तिरके असते. ते निजत नाही. त्यामुळे 'शयनपट' वाचताना डोळ्यांसमोर रेल्वेच्या डब्यातला बाक येतो, रुळाखालचे लाकूड येत नाही. शिवाय डब्यासंदर्भात 'शयनयान' आणि 'शायिका' हे शब्द आधीच रूढ आहेत, त्यांत आणखी एकाची भर घालून गोंधळच वाढेल.

'तुळई' हा अस्सल मराठी शब्द आहे आणि मला तो फार आवडतो, पण येथे तो वस्तुस्थितीला धरून नाही. तुळई दोन टोकांना टेकलेली असते आणि मधला भाग पोकळीवरून जातो. स्लीपरचे उलट आहे. तो खडीच्या गादीवर बसतो, आणि त्याला खरा आधार लागतो तो ज्या दोन जागी रूळ येतात त्यांच्या खाली. मधल्या भागाखाली खडी अधिक घट्ट झाली, तर स्लीपर मध्यावर टेकून टोकांकडे झुलू लागतो आणि अखेर मोडतो. म्हणून रुळाखालची खडी दोन्ही बाजूंनी ठासतात आणि मधली मुद्दाम सैल ठेवतात. 'तुळई' म्हटल्यावर वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते, ते या कामाच्या नेमके विरुद्ध आहे.

'स्लीपर' हा शब्द मराठीने व्याकरणातही सामावून घेतला आहे, आणि याची नोंद फारशी कोणी घेत नाही. रुळाखालचा 'तो स्लीपर' पुल्लिंगी, पायातली 'ती स्लीपर' स्त्रीलिंगी. 'स्लीपर कुजला' आणि 'स्लीपर तुटली' या दोन वाक्यांत, आणखी काही न सांगता, आपण दोन वेगळ्या वस्तू ओळखतो. डब्याबद्दल बोलताना आपण बहुधा 'स्लीपरचे तिकीट', 'स्लीपरचा डबा' असे षष्ठीचे रूप वापरतो. जो शब्द लिंगभेदाने आपले अर्थ वेगळे ठेवू लागला, बोलीत 'सिलीपर' असा मोकळा होऊन आला, तो परका राहिलेला नाही. अनुवादात 'स्लीपर, स्लीपरला, स्लीपरांवर' अशी रूपे निःसंकोच वापरावीत.

आता कामाकडे येऊ, कारण खरी श्रीमंती तेथे आहे. भारतातल्या 1676 मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरचा लाकडी स्लीपर 2750 मिलिमीटर लांब, 250 रुंद आणि 130 जाड असे. साग आणि साल यांसारखी टिकाऊ लाकडे तशीच वापरता येत. चीड, देवदार यांसारख्या लाकडांना आधी क्रिओसोट पाजावे लागे. 'पाजणे' हे क्रियापद मी जाणून वापरतो आहे. आपण तेल पाजतो, धारेला पाणी पाजतो. बंद टाकीत दाब देऊन लाकडात द्रव मुरवण्याला 'प्रक्रिया करणे' म्हणण्यापेक्षा 'क्रिओसोट पाजणे' किंवा 'मुरवणे' अधिक नेमके आहे. क्रिओसोट हे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले तेल, म्हणून पहिल्या उल्लेखात 'क्रिओसोट, म्हणजे डांबरी तेल' असा खुलासा केला तर वाचकाला त्याचा वासही कळेल. कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या त्याच कुळातल्या आहेत.

एका जुन्या घराच्या अंगणात पायरी म्हणून टाकलेला असा एक स्लीपर मी बराच वेळ न्याहाळला आहे. दुपारच्या उन्हात त्याला डांबराचा उग्र वास येत होता. टोकाशी वळलेली लोखंडी पट्टी ठोकलेली होती. लाकूड टोकाकडून चिरत जाऊ नये म्हणून इंग्रजी 'एस' किंवा 'सी' अक्षराच्या आकाराच्या पट्ट्या अशा ठोकत. रूळ जेथे बसत असे तेथे लाकूड हातभर रुंदीत खोलगट तासलेले होते, आणि त्याच्या कडेला चार भोके होती. त्यांतील दोन लाकडी खुंट्यांनी बुजवून शेजारी नवी पाडलेली होती. देखभालीची सगळी पुस्तिका त्या एका लाकडावर लिहिलेली होती म्हणा ना.

ते खोलगट तासणे म्हणजे तुमच्या पुस्तिकेतले पहिले काम. रूळ आतल्या बाजूला 20 ला 1 इतका कलता बसवतात. आपण न्हाणीघराच्या फरशीला जो 'ढाळ' देतो, तोच शब्द येथे चालतो: 'बैठकीला आत ढाळ देऊन तासावे.' हत्यार वाकस. वाकसाचे पाते दांड्याला आडवे असते, म्हणून त्याला कुऱ्हाड म्हणू नये. कुऱ्हाडीने फोडतात, वाकसाने तासतात. पुढे गाड्यांच्या भाराने रूळ लाकडात रुतू लागला की पुन्हा तासावे लागते, आणि उघड्या पडलेल्या ताज्या लाकडाला लगेच डांबर किंवा क्रिओसोट लावावे लागते, नाहीतर कूज तेथूनच शिरते.

भोकांसाठी गिरमिट. आधी भोक न पाडता मेख ठोकली तर लाकूड चिरते. 'डॉग स्पाइक' या चौकोनी अंगाच्या, एका बाजूला ओठ असलेल्या खिळ्याला मी 'मेख' सुचवतो, कारण खिळा दोन वस्तू जोडतो, मेख मात्र ठोकून धरून ठेवते, आणि येथे काम धरून ठेवण्याचेच आहे. भोक सैल होऊन मेख धरीनाशी झाली की क्रिओसोटमध्ये भिजवलेली लाकडी खुंटी ठोकून ते बुजवावे. मेख उपटण्याच्या हत्याराला ओढूनताणून नाव देऊ नये; 'टोकाला फट असलेली पहार' एवढे पुरे.

खडीच्या कामात तुमच्या मसुद्यातले 'गिट्टी संकुलन' काढून टाका. खडी उकरतात, ठासतात, आणि शेवटी पुन्हा भरून सारखी करतात. ठासण्याचे 'बीटर' हे टिकावासारखे असते, पण त्याचे एक टोक बोथट, चपटे असते. हा शब्द तसाच ठेवावा. एका स्लीपरला चार माणसे लागतात, प्रत्येक रुळाशी दोन. त्याआधी वाकडे झालेले स्लीपर रुळाशी काटकोनात आणावे लागतात, त्याला 'गुण्यात घेणे' म्हणावे. गवंडी आणि सुतार दोघेही गुण्या वापरतात, वाचकाला वेगळे समजवावे लागणार नाही. ठासून झाल्यावर मेट, म्हणजे टोळीचा मुकादम, लाकडी हातोडीने स्लीपर वाजवून पाहतो. पोकळ आवाज आला तर तेथे पुन्हा ठासतात. यासाठी 'ध्वनिपरीक्षण' कशाला हवे? आपण मडके वाजवून घेतो, तसेच हे.

एका वाक्याबद्दल मात्र जपावे. तुमच्या मसुद्यात 'स्लीपर हृदयाची बाजू खाली करून घालावा' असे आले आहे. येथे लाकडाचा 'गाभा' अभिप्रेत आहे. ते वाक्य असे करता येईल: 'स्लीपर घालताना गाभ्याकडची बाजू खाली ठेवावी, म्हणजे टोकाशी दिसणाऱ्या वलयांच्या कमानी पालथ्या वाटीसारख्या दिसतील.' जागेवर उभ्या असलेल्या माणसाला टोकाकडे पाहून स्लीपर सुलटा आहे की उलटा, हे त्यावरून लगेच ठरवता येईल.