सर्व्हर बदलू का?

प्रश्न : माझी वेबसाइट लॅपटॉपवर झटकन उघडते, मोबाइलवर मात्र रखडते. शिवाय वाचता वाचता मजकूर खाली सरकतो आणि भलतंच बटण दाबलं जातं. सर्व्हर बदलू का?

उत्तर : सर्व्हरला इतक्यात हात लावू नका. लॅपटॉपवरच क्रोममध्ये एफ १२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये कॅशे (आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा) बंद करा, वेग ‘स्लो ४जी’वर ठेवा आणि पान पुन्हा लोड करा. मग फाइली आकारानुसार लावा. सगळ्यात वर बहुधा मुखपृष्ठावरचा फोटो असेल : ४००० पिक्सेल रुंद, दिसतो मात्र ४०० पिक्सेलच्या जागेत. तो लहान करून वेबपी या हलक्या चित्र-फॉरमॅटमध्ये साठवा. पण त्याला ‘लेझी लोडिंग’ (वाचक जवळ आल्यावरच फोटो उतरवणं) लावू नका. हल्ली ते सरसकट लावतात आणि नेमका पहिल्या पडद्यावरचा फोटोच उशिरा येतो.

मजकूर सरकतो, कारण कोडमध्ये फोटोची रुंदी-उंची दिलेली नसते. किती जागा राखायची हे ब्राउझरला कळत नाही. फोटो उतरला की खालचं सगळं ढकललं जातं. गूगलच्या निकषांनुसार ही सरकासरकी मोजणारा गुणांक (सीएलएस) ०.१च्या आत हवा आणि मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा.

देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे जड असतात. म्हणून रेग्युलर आणि बोल्ड हे दोनच प्रकार पुरे.

स्लायडर (आपोआप बदलणारी चित्रांची पट्टी) असेल तर काढाच. दुसऱ्या चित्रापर्यंत थांबणारा वाचक मला अजून भेटायचाय!

एवढं करूनही सर्व्हरचा पहिला प्रतिसाद ८०० मिलिसेकंदांच्या वरच राहिला, तर खुशाल बदला.