वकिली, कैवार की पाठपुरावा?

नाशिकच्या एका महाविद्यालयात १० डिसेंबरच्या, म्हणजे मानवी हक्क दिनाच्या, कार्यक्रमाचं पत्रक तयार होतंय. त्यातली एक ओळ तिथल्या प्राध्यापिकाबाईंनी पाठवली आहे: ‘आंतरराष्ट्रीय मानवाधिकार वकिली आणि तिचे समर्थक’. विद्यार्थ्यांना ‘वकिली’ खटकते, मूळ इंग्रजी ‘ॲडव्होकसी’ (म्हणजे एखाद्याची किंवा एखाद्या विचाराची बाजू मांडत राहणं) तसंच ठेवणं बाईंना पटत नाही. मग काय लिहावं?

विद्यार्थ्यांचा कान शाबूत आहे. आज वकिली म्हटलं की काळा कोट, तारखा आणि फी एवढंच डोळ्यांपुढे येतं. पेशवाईत वकील म्हणजे परक्या दरबारात आपल्या धन्याची बाजू सांभाळणारा माणूस. त्याचं उदाहरण शोधायला नाशिककरांना लांब जायला नको. दिल्लीत पेशव्यांचे वकील असलेले हिंगणे इकडचेच, चांदोरीला त्यांचा वाडा आहे. काळा कोट असो की दरबारी पागोटं, वकिलाला कुणीतरी नेमलेलं असतं. उगाच दुसऱ्याच्या भांडणात पडणाऱ्याला ‘तुला कुणी दिलंय त्याचं वकीलपत्र?’ असं आपण सुनावतो ते त्यामुळेच.

आणि या कामात वकीलपत्रच नसतं. २८ मे १९६१ रोजी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये पीटर बेनेन्सन यांनी, निव्वळ आपल्या मतांपायी किंवा श्रद्धेपायी तुरुंगात पडलेल्या कैद्यांविषयी लेख लिहिला आणि त्यातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही मानवी हक्कांसाठी झटणारी संघटना उभी राहिली. बेनेन्सन पेशाने वकीलच होते, पण त्यांनी वाचकांकडे मागितलं ते वकिलाचं काम नव्हतं. पत्रं लिहा, सरकारला विचारत राहा, एवढंच. १९७३मध्ये ब्राझीलमधले प्राध्यापक लुईझ बासिलिओ रॉसी यांना अटक झाली, तेव्हा संघटनेने पहिल्यांदा तातडीचं आवाहन काढलं आणि देशोदेशींच्या अनोळखी माणसांनी तिथल्या अधिकाऱ्यांकडे पत्रांचा मारा केला. रॉसी पुढे सुटले. ही पत्रं लिहिणाऱ्यांना ना रॉसींनी नेमलं होतं, ना त्यांना कोर्टात उभं राहायचं होतं. (पोस्टाची पाकिटं-तिकिटं छापणारी प्रेस नाशिकरोडला असल्यामुळे निदान आपल्याला तरी पत्राची ताकद पटवून द्यावी लागू नये.)

आता पर्याय पाहू. ‘कैवार’ गोड शब्द आहे, पण कैवार घेणारा बहुधा रागावलेला असतो आणि दुसरी बाजू ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. ‘तळी उचलणे’ तर नकोच. खंडोबाची तळी श्रद्धेने उचलतात, माणसाची उचलली की तिला वास येतो. इथे तर तो आरोप टाळण्यासाठी मुद्दाम व्यवस्था केलेली होती. शीतयुद्धाच्या त्या काळात ॲम्नेस्टीच्या प्रत्येक स्थानिक गटाकडे तीन कैदी सोपवत: एक पाश्चात्त्य देशांतला, एक कम्युनिस्ट देशांतला, एक तिसऱ्या जगातला. शिवाय स्वतःच्या देशातली प्रकरणं सभासदांनी हाताळायची नाहीत, असाही नियम होता. अशा माणसांना कुणाची तळी उचलणारे कसं म्हणणार?

‘पुरस्कार’ हा खरं तर अगदी नेमका शब्द होता. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार, विधवाविवाहाचा पुरस्कार असं आपण वाचत आलो आहोत, आणि ‘पुरस्कर्ते’ अजूनही चालतं. पण ‘मानवी हक्कांचा पुरस्कार’ असं पत्रकावर छापलं, तर सभागृहात येणारा पहिला माणूस विचारील, कुणाला मिळाला? १९७७मध्ये याच संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा पुरस्कार करणाऱ्यांनाच पुरस्कार मिळाला म्हणायची सोय झाली खरी. पत्रकासाठी मात्र शब्द हातचा गेला.

माझं मत ‘पाठपुरावा’ला. हा शब्द तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना कळतो. सुरगाणा-पेठकडच्या माणसाला विचारा: वनहक्काचा दावा दाखल करणं हे एका दिवसाचं काम, पाठपुरावा वर्षानुवर्षांचा. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकरी-आदिवासींच्या मागण्यांत वनहक्क होताच. पाठपुराव्यात चिकाटी आहे, समोर एक कार्यालय आहे, आणि तो कुणीही करू शकतो. शिवाय ‘एखाद्या विचाराचा पाठपुरावा करणे’ म्हणजे तो हिरिरीने मांडणे, हाही अर्थ मराठीत आहेच. ॲडव्होकसीच्या दोन्ही बाजू त्यात येतात.

‘मानवाधिकार’ चूक नाही. पण संविधानाच्या मराठी प्रतीत ‘मूलभूत हक्क’ आहेत, राज्याचा आयोगही ‘मानवी हक्क आयोग’ आहे. अधिकार आपण गाजवतो आणि हक्क बजावतो. तेव्हा ‘मानवी हक्क’ लिहा. ‘माहितीचा अधिकार’ रुळलाय तो रुळलाय, त्याच्याशी भांडू नये.

‘समर्थक’ शब्दाला चौकाचौकांतल्या फ्लेक्सनी नेत्याचं नाव चिकटवून ठेवलंय. पैसे, सही किंवा वेळ देणाऱ्यांसाठी ‘पाठीराखे’ बरा, पत्रं लिहिणाऱ्यांसाठी ‘कार्यकर्ते’.

फक्त प्रत्ययाकडे लक्ष असू द्या. ‘कैद्याचा पाठपुरावा’ लिहिलंत तर पोलीस त्याच्या मागावर आहेत असं वाटेल. ‘कैद्याच्या सुटकेसाठी सरकारकडे पाठपुरावा’ असं लिहा. आणि ती ओळ ‘मानवी हक्कांसाठी जगभर चालणारा पाठपुरावा आणि त्याचे पाठीराखे’ अशी करून पाहा. ‘पाठ’ दोनदा येतो म्हणून कुणी नाक मुरडलं, तर खुशाल मुरडू द्या.