युरियाची गोणी कधी फोडायची?

प्रश्न : डोंगरउताराला आमचं एक एकर मारवेल गवत आहे. रान मुरमाड, चुनखडीचं. गवत वाळवून गंजी लावतो, त्यावर खव्याच्या म्हशी उन्हाळा काढतात. यंदा रोहिणीत एक पाऊस झाला, गवत वीतभर फुटलं, पण मृग कोरडाच चाललाय. दुकानदार म्हणतो, आत्ताच युरिया फेका, नाहीतर गवत धरणार नाही. गोणी घरात आणून ठेवली आहे. टाकू का?
– एक वाचक, ता. भूम, जि. धाराशिव

उत्तर : नका टाकू. गवताला नत्र लागतं आणि युरियात ते ४६ टक्के असतं, इथवर दुकानदाराचं बरोबर आहे. पण ते मुळापर्यंत पोचवणार कोण? ठणठणीत कोरड्या मातीत दाणा निदान बराच काळ तसाच पडून राहतो. खरा घात भुरभुर करते. मृगात आभाळ दाटून येतं, चार थेंब टाकतं आणि पुढं निघून जातं, हे तुम्ही दरसाल बघताच. तेवढ्या ओलीने दाणा विरघळतो, खाली मुरत मात्र नाही. त्याचा अमोनिया होतो आणि ऊन चढलं की वाऱ्यावर जातो. चुनखडीच्या तापल्या रानात तर जास्तच. उद्या तुम्हाला कोणी अमोनियम सल्फेट सुचवेल. एरवी ते कमी उडतं, पण चुनखडीत त्याचाही भरवसा नाही.

खताचे पैसे गेले तर गेले, मला काळजी तुमच्या म्हशींची आहे. नत्र मुळाला मिळालं आणि पाण्यावाचून वाढ अडली, की त्याच नत्राचं नायट्रेट होऊन खोडात साठतं, बुडख्याकडे जास्त, आणि ते जनावराला विष. जोंधळा, मका, बाजरी यात पुढं; मारवेल त्यामानाने गरीब, पण ताण आणि जादा युरिया एकत्र आले तर त्याचीही खात्री देता येत नाही. जोंधळ्याच्या कोवळ्या फुटव्यात असतं ते विष वेगळं, ते नीट वाळवल्यावर बरंच उतरतं. नायट्रेट उतरत नाही. गंजी लागली तरी ते आत तसंच राहतं आणि उन्हाळ्यात उपाशी जनावराच्या पोटात जातं.

तेव्हा दमदार पावसाची वाट बघा. मग खुरप्याने उकरा. वीतभर खोल ओल लागली तरच अर्धी गोणी फेका. ४५ किलोच्या गोणीतली अर्धी म्हणजे दहा किलोंच्या थोडं वर नत्र. बिनपाण्याच्या मुरमाड एकराला एका वेळी तेवढं बास. पानं ओली असताना फेकू नका, दाणे चिकटून शेंडे करपतात. उरलेली अर्धी पहिल्या कापणीनंतर, तीही ओल असेल तर. सुपर फॉस्फेट द्यायचं असेल तर ते आत्ताही चालेल, ते हवेत उडत नाही. कुजलेलं शेणखतही पांगवून ठेवा.

तोवर त्या वीतभर फुटव्यावर जनावर सोडू नका. आत्ता खुडलं गेलं तर ठोंब खचतात, मग कुठलंच खत उपयोगी पडत नाही. (शेजारच्या शेळ्या कशा आवरायच्या, ते तेवढं मला विचारू नका.)

आणि गोणी गोठ्यात ठेवू नका. म्हशीने तोंड घातलं तर डॉक्टर येईपर्यंतही वेळ मिळत नाही.