रेमिंग्टन ७०० (.३०८) रायफलचा मूळ प्लास्टिकचा स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) काढून नवा बसवला, तर १००० यार्डांवर फरक पडेल का? कोणता घ्यावा?

फरक पडतो. स्टॉक म्हणजे शोभेची वस्तू असून गोळी कुठे लागायची ते केवळ बॅरल (नळी) ठरवते, हे मत मी अनेकदा ऐकले आहे आणि ते मला मुळीच मान्य नाही. तुमच्या रायफलच्या मूळ स्टॉकचा पुढचा भाग इतका लवचिक असतो की बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) भार देताच तो बॅरलला टेकू शकतो, आणि हा भार दर गोळीला सारखा राहत नाही. बॅरल आणि स्टॉक यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून बायपॉडवर दाब द्या. पट्टी अडकली तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला घरीच मिळेल.

मात्र चांगला स्टॉक विकत घेतला की काम संपले, असे समजणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. मी अमेरिकेतल्या फिनिक्सच्या बेन एव्हरी रेंजवर एफ-क्लास (आधारावर रायफल ठेवून, स्कोप लावून दूरच्या नेमबाजीची स्पर्धा) खेळतो. आत अॅल्युमिनियमचा ठोकळा असलेला फायबरग्लासचा स्टॉक मी बसवला, तेव्हा तिथल्या एका ज्येष्ठ नेमबाजाने ठामपणे सांगितले की ठोकळा असताना बेडिंगची, म्हणजे अॅक्शन (बॅरलच्या मागचा, काडतूस भरण्याचा धातूचा भाग) स्टॉकमध्ये इपॉक्सीने नेमकी बसवण्याची, गरज नसते, स्क्रू ६५ इंच-पौंडांवर आवळले की झाले. मी तसेच केले. १०० यार्डांवर ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) आडवा घट्ट आला, पण उभा पसरला. १००० यार्डांवर तर पिटमधून (टार्गेटखालच्या खंदकातून) वर येणाऱ्या टार्गेटवरची खुणेची चकती कधी दहाच्या वर्तुळाच्या वरच्या कडेला, तर कधी खालच्या कडेला दिसू लागली. त्या अंतरावर दहाचे वर्तुळ १० इंचांचे आणि त्यातले एक्सचे, म्हणजे अगदी मधले, ५ इंचांचे असते, म्हणजे १०० यार्डांवरचा अर्ध्या इंचाचा दोष एक्सची सगळी जागा खाऊन टाकतो.

त्या गृहस्थांनी दोष काडतुसातल्या दारूच्या मापाला दिला. जुन्या स्टॉकमध्ये नीट चालणारी तीच काडतुसे मी मुद्दाम कायम ठेवली होती. शिवाय गोळीच्या वेगातला थोडाफार फरक १०० यार्डांवर उभ्या पसरटपणात जवळजवळ दिसतच नाही, तो दूरच्या अंतरावर दिसतो. मग ते माझ्या श्वासाबद्दल बोलू लागले. अखेर मी बॅरलवर डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारे सुईचे यंत्र) बसवला, त्याचे टोक स्टॉकच्या पुढच्या भागावर टेकवले आणि त्यांच्या देखत अॅक्शनचा पुढचा स्क्रू सैल केला. अॅक्शन ताणाशिवाय बसलेली असेल तर सुई जेमतेम हलते; आमच्यासमोर ती चांगलीच फिरली. ठोकळ्याचा खाचा आणि अॅक्शनची गोलाई यांचा मेळ नव्हता, त्यामुळे स्क्रू आवळले की अॅक्शन वाकत होती.

त्यानंतर मी इपॉक्सीने बेडिंग केले. अॅक्शनला मेणाचा पातळ थर दिला, भोके मातीने बुजवली आणि रिकॉइल लगच्या (धक्का स्टॉकवर घेणाऱ्या अॅक्शनच्या खुंटीच्या) पुढच्या, खालच्या व दोन्ही बाजूंना टेप लावली, म्हणजे लग फक्त मागच्या अंगाने टेकतो. इपॉक्सी पूर्ण घट्ट झाल्यावर तोच स्टॉक, तेच बॅरल आणि तीच काडतुसे घेऊन बसलो, तेव्हा उभा पसरटपणा गेला आणि चकत्या फक्त वाऱ्यानुसार डाव्या-उजव्या सरकू लागल्या. ते गृहस्थ आजही हे बॅरलचे नशीब म्हणतात. एवढे समोर मांडल्यावरही नशिबाचे नाव घेणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

कोणता घ्यावा, याबाबत मॅकमिलन की मॅनर्स (स्टॉक बनवणाऱ्या दोन कंपन्या) हा वाद मला दुय्यम वाटतो. गालाचा आधार वर-खाली करता येतो का आणि बटाची लांबी बदलता येते का, हे आधी पाहा. डोळे मिटून गाल टेकवा आणि मग उघडा. मान न हलवता स्कोपचे चित्र पूर्ण दिसले, तरच तो स्टॉक तुमचा. बेडिंगचा खर्च किमतीतच धरा आणि ते येणाऱ्याकडूनच करून घ्या, कारण मेण लावायचे राहिले तर अॅक्शन स्टॉकमध्ये कायमची चिकटते.

नव्या स्टॉकवर झीरो (स्कोपचा नेम गोळीशी जुळवणे) पुन्हा करावा लागेल, आणि तो होईपर्यंत काडतुसे बदलू नका. तुम्ही .३०८ घेऊन एफ-टीआरमध्ये (एफ-क्लासच्या एका गटात) उतरणार असाल, तर स्कोप आणि बायपॉड धरून ८.२५ किलोची मर्यादा आहे; जड लॅमिनेटेड लाकडाचा स्टॉक मागवण्यापूर्वी बाकीचे सामान तराजूवर ठेवून किती वजन शिल्लक उरते ते पाहा.