आधी अबजद पाठ कर

अरबी अक्षरविद्या, म्हणजे अक्षरं आणि अंकांचं गूढशास्त्र, शिकायची तर थेट ‘शम्स अल-मआरिफ’ हा तिच्यावरचा ग्रंथ उघडू नकोस. त्याचा लेखक अल-बूनी; त्याच्या नावावर छापली जाणारी मोठी आवृत्ती त्याच्यानंतर काही शतकांनी जुळवलेली आहे. तिच्यावरून 13व्या शतकातला बूनी कळत नाही.

आधी अबजद पाठ कर. अबजद म्हणजे अरबी अक्षरांना ठरवून दिलेले अंक: अलिफ 1, बे 2, जीम 3, दाल 4. (आपल्याकडे रिक्षांवर दिसणारा 786 हा बिस्मिल्लाहच्या अक्षरांच्या बेरजेतूनच आलाय.) मग वहीत चौकोन आख: 4 9 2, त्याखाली 3 5 7, त्याखाली 8 1 6. आडवी, उभी, तिरकी, बेरीज 15च. आता कोपऱ्यांतले 2, 4, 6, 8 अक्षरांत वाच: बे, दाल, वाव, हे, म्हणजे बुदूह! पत्र सुखरूप पोचावं म्हणून लोक हा शब्द त्यावर लिहीत. अरबीत ‘ह’ दोन; यातली ‘ह’ म्हणजे बडी हे (ح), 8. छोटी हे (ه) 5. नवखे इथेच घसरतात. मला हे सगळं स्वतः मांडल्यावरच उमगलं.