साहेबांआधी निघालो तर काय म्हणतील?

"मॅडम, काम साडेसहालाच संपतं. पण साहेब उठेपर्यंत माझा पाय निघत नाही." टोकियोत नोकरी करणारा, मूळचा सांगलीकडचा एक इंजिनिअर ऑनलाइन समुपदेशनात माझ्याशी बोलत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) निशिकासाईला घरी पोचेपर्यंत लेक झोपलेली असायची. कंपनीने चार दिवसांच्या आठवड्याचा पर्याय दिला होता. त्याच्या टीममधून कुणीच अर्ज केला नव्हता. "पहिला अर्ज माझा, तोही परदेशी माणसाचा? कामचुकार ठरेन."

जपानमधल्या आपल्या मुलामुलींकडून हे मी नेहमी ऐकते. तिथला कायदा बदललाय. २०१९ पासून ओव्हरटाइमला साधारणपणे महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची मर्यादा आहे. दहा किंवा जास्त दिवसांची पगारी रजा मिळणाऱ्याला त्यातली किमान ५ दिवस रजा देणं मालकावर बंधनकारक आहे. पण शेजारच्या टेबलावरचा माणूस बसून असला की कायदा आठवत नाही, हेही खरं.

मी विचारलं, "काम संपल्यावर तुम्ही नेमकं करता काय?" बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "जुन्या मेल उघडतो, बंद करतो. एक्सेलमधले रंग बदलतो."

आम्ही फक्त बुधवार धरला. सकाळच्या मीटिंगमध्येच सांगायचं: आज साडेसहाला निघतोय, एवढं पूर्ण होईल, उरलेलं उद्या अकरापर्यंत देतो. निघताना "ओसाकी नि शित्सुरेइ शिमास" (तुमच्याआधी निघतोय, माफ करा) म्हणून वाकायचं आणि निघायचं. बायकोच्या तापाची सबब सांगायची नाही. साहेब काही बोलले नाहीत. एक सीनिअर काही दिवस तुटक वागला. तेवढं सोसावं लागलं.

चार दिवसांचं मात्र नीट वाचून घ्यायला सांगितलं, कारण ती सोय सगळीकडे सारखी नसते. टोकियो महानगर प्रशासनाने एप्रिल २०२५ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याला तीन सुट्ट्यांची मुभा दिली, पण एकूण तास तेवढेच ठेवून. याच्या कंपनीत पगारच कमी होणार होता. गावाकडच्या घराचे हप्ते चालू, म्हणून त्याने तूर्त नको म्हटलं. मला तो निर्णय योग्यच वाटतो. बुधवार सुटला नाही, हे जास्त मोलाचं.

झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर समुपदेशनावर थांबू नका. ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या जपानी आस्थापनेत नेमलेला डॉक्टर असावाच लागतो. महिन्याचा ओव्हरटाइम ८० तासांवर गेला आणि थकवा साचला, तर त्याची भेट मागणं हा तुमचा हक्क आहे.