बागेचा सल्ला : ओसाड परसात हिरवळ आणि फुले

प्रश्न : राजेंद्रनगरात आमचे जुने घर आहे आणि मागे ३० बाय ४० फुटांचे परस आहे. सासूबाई होत्या तोवर तिथे मोगरा, तगर, जास्वंद, अळू असे सगळे नांदत होते. त्यांच्यानंतर कोणाचे लक्ष राहिले नाही. आता गाजरगवत आणि नागरमोथा माजला आहे, घरदुरुस्तीचा मलबा एका कोपऱ्यात पडून आहे आणि पश्चिमेला मोठा कडुनिंब आहे. पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. सूनबाईंना सगळीकडे लॉन हवे आहे. नर्सरीवाले म्हणतात की दोन ट्रॉली लाल माती टाका, वर तयार गवताच्या लाद्या अंथरा, आठ दिवसांत काम होईल. दिवाळीला पाहुणे येणार आहेत. तसे करावे का?
– एक वाचक भगिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : तसे करू नये, असे मी अगदी स्पष्टपणे सांगेन. आठ दिवसांत परस हिरवे दिसेल यात शंका नाही, पण पहिल्याच पावसाळ्यात ती हिरवळ पिवळी पडू लागेल आणि तिच्यामधून नागरमोथा पुन्हा डोके वर काढेल. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. त्या भेगा त्यामुळेच पडतात. अशा चिकण मातीवर वेगळ्या जातीची माती नुसती पसरली, तर पाणी दोन थरांच्या सांध्यावर अडते, मुळे वरच्या चार इंचांतच राहतात आणि पावसाळ्यात कुजतात, उन्हाळ्यात होरपळतात. तयार लाद्यांसोबत नागरमोथ्याच्या गाठी येण्याचा धोका वेगळाच. शिवाय माळव्याची काळी माती मुळात कसदार आहे. तिचा दोष एवढाच की ती घट्ट आहे, आणि तो दोष कुजलेल्या खताने जातो. म्हणून लाल माती आणि लाद्या यांवर होणारा खर्च आपण खत आणि मजुरीवर करावा, आणि गवत जुलैमध्ये लावावे.

आता, म्हणजे एप्रिल संपेपर्यंत, करण्याचे पहिले काम म्हणजे साफसफाई. गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावे. त्याच्या एका झाडापासून हजारो बिया पडतात आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच हे काम करावे, दम्याचा त्रास असलेल्या माणसाने तर करूच नये. तणनाशकाचा मोह टाळावा. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ साली निर्बंध घातले असून ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच फवारावे असा नियम आहे.

नागरमोथ्याचे प्रकरण अधिक चिवट आहे. त्याची पात ओढली की ती तुटून हातात येते, आणि जमिनीत खोलवर असलेली काळी, सुगंधी गाठ तशीच राहते. ती गाठ दोरीसारख्या बारीक मुळीने पुढच्या गाठीला जोडलेली असते, आणि एक राहिली तरी पंधरवड्यात नवी पात वर येते. म्हणून येथे विळ्याचा उपयोग नाही. जमीन खोदून, मुळीचा माग काढत, गाठी हाताने वेचाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढच्या सगळ्या कामाचे यश यावर अवलंबून आहे, आणि मजूर लावलात तरी शेजारी उभे राहून ते करून घ्यावे.

एप्रिलमधली कोरडी काळी माती कुदळीलाही दाद देत नाही, आणि ओली असताना खोदली तर तिची ढेकळे वाळून दगड होतात. त्यासाठी जमीन एकदा भरपूर भिजवून वाफसा, म्हणजे खोदण्याजोगी बेताची ओल, येण्याची वाट पाहावी. वाफसा ओळखण्याची साधी रीत आहे. वीतभर खोलीवरची माती मुठीत घेऊन गोळा करावा आणि अंगठ्याने दाबावा. गोळा फुटून माती मोकळी झाली तर खोदायला सुरुवात करावी, आणि मळलेल्या कणकेसारखी बोटांना चिकटली तर आणखी एक-दोन दिवस थांबावे.

खोदाई नऊ-दहा इंच खोल करावी आणि त्याच वेळी पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट दोन इंच जाडीचा थर होईल इतके पसरून मातीत मिसळावे. कच्चे शेण घालू नये, त्याने हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि वाळवी येते. बारीक वाळू मिसळण्याचाही सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. चिकण मातीत थोडी वाळू घातल्याने माती सुटी होत नाही, उलट अधिक घट्ट बसते. ती जागा खतानेच भरून काढावी.

खताचा एवढा आग्रह धरण्याचे कारण आपल्या शहराच्या इतिहासातही आहे. १९२४ साली इंदूरला स्थापन झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा आणि शेण यांपासून कंपोस्ट करण्याची जी पद्धत बसवली, ती १९३१ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. आजचे कृषी महाविद्यालय त्याच संस्थेच्या जागेत आहे. त्याच धर्तीवर आपल्या कडुनिंबाचा पाला, उपटलेले (पण बी न धरलेले) तण आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांचा सुमारे सहा-सहा इंचांचा थर द्यावा, प्रत्येक थरावर शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण), थोडी राख आणि बागेतली माती शिंपडावी आणि ढीग तीन-चार फुटांपर्यंत वाढवावा. मुठीत दाबल्यावर ओलावा जाणवावा पण पाणी टपकू नये, एवढीच ओल हवी. ढीग दोन-तीन वेळा खालीवर केला की साधारण तीन महिन्यांत खत तयार होते. नागरमोथ्याच्या गाठी मात्र या ढिगात कदापि घालू नयेत. यंदाच्या खोदाईसाठी खत विकत आणावे लागेल, पण आज घातलेला ढीग पावसाळ्यात फुलझाडांना उपयोगी पडेल.

खोदाईनंतर जमीन सपाट न करता तिला घरापासून दूर जाणारा उतार द्यावा. दर दहा फुटांमागे दीड ते दोन इंच पुरेसा होतो. सर्वात खालच्या कडेला एक फूट रुंद आणि दीड फूट खोल चर काढावा आणि मलब्यातले विटांचे तुकडे त्यात भरावेत. पावसाचे जादा पाणी त्यात मुरेल आणि मलबाही मार्गी लागेल. चुना आणि सिमेंटची भुकटी मात्र बागेच्या मातीत मिसळू देऊ नये, कारण आपली माती आधीच अल्कधर्मी आहे.

मे महिन्यात ही तयार जमीन पुन्हा ओलवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरावे, कडा मातीने बंद कराव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. माळव्याच्या उन्हात प्लास्टिकखालची माती एवढी तापते की वरच्या थरातले बहुतेक तणाचे बी मरते. नागरमोथ्याच्या खोल गाठी यातूनही काही प्रमाणात वाचतात. त्या पहिल्या पावसाने उगवल्या की वेचून काढाव्यात. खत आधीच मिसळायचे ते याचसाठी, कारण प्लास्टिक काढल्यावर पुन्हा खोल खोदले तर खालचे बी वर येते आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता सूनबाईंच्या इच्छेबद्दल. पूर्ण १,२०० चौरस फुटांत गवत लावण्याला माझा विरोध आहे. उन्हाळ्यात गवताला दर चौरस मीटरला रोज साधारण पाच लिटर पाणी लागते, म्हणजे एवढ्या परसाला रोज सुमारे साडेपाचशे लिटर. नर्मदेकाठच्या जलूदहून पंपांनी चढवून इंदूरला आणलेले नर्मदेचे पाणी यासाठी ओतणे मला पटत नाही, आणि बोअरचे पाणीही मेमध्ये किती घरांत टिकते हे आपण जाणताच. त्याऐवजी पूर्वेकडच्या उन्हाच्या भागात २० बाय २० फुटांचा एकच चौक हिरवळीचा करावा. त्याला १९० लिटरांच्या आत पाणी पुरते, आणि मुलांना खेळायला व संध्याकाळी चार खुर्च्या टाकून बसायला तेवढी जागा भरपूर होते.

गवत ‘सिलेक्शन-१’ जातीचे घ्यावे. ते दूर्वेच्याच कुळातले असून ऊन, पायाखालची तुडवण आणि थोडी पाण्याची ओढ सहज सोसते. मेक्सिकन आणि कोरियन गवत दिसायला मखमली असते, पण ते सावकाश पसरते, महाग पडते आणि पाणी साचणाऱ्या जमिनीत लवकर बिघडते. जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर, दोन-तीन पेरे असलेले गवताचे तुकडे तीन-चार इंचांच्या अंतराने टोचून लावावेत आणि हलक्या रुळाने दाबावेत. आठ-दहा आठवड्यांत जमीन झाकली जाते, म्हणजे दसऱ्यापर्यंत आपली हिरवळ भरलेली असेल. गवत दोन-अडीच इंच वाढले की पहिली कापणी करावी, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीही कापू नये. चौकाचा एक कोपरा मात्र साध्या गावरान दूर्वांसाठी न कापता ठेवावा, म्हणजे गणपतीत बाजारात जावे लागणार नाही.

कडुनिंबाखाली कोणतेही गवत लावण्याचा हट्ट धरू नये. तिथे स्पायडर प्लांट, सिंगोनियम, नेचे आणि मे-जूनमध्ये लाल गोळ्यासारखे फुलणारी फुटबॉल लिली लावावी. झाडाच्या जाड मुळ्या तोडू नयेत आणि बुंध्याशी मातीचा ढीग करू नये.

खोदाईच्या आधी एक गोष्ट आवर्जून पाहावी. सासूबाईंच्या मोगऱ्याची, तगरीची खोडे तणांत अजून उभी असतील, तर त्यांच्या सालीला नखाने हलकेच खरवडावे. खाली हिरवट ओलसर रंग दिसला तर झाड जिवंत आहे. वाळक्या फांद्या काढाव्यात, भोवती आळे करून खत-पाणी द्यावे; पावसाळ्यात ती नक्की फुटतील. मोगऱ्याची खरी छाटणी डिसेंबर-जानेवारीत करावी. इतक्या वर्षांची मुळे असलेले झाड उपटून नवे रोप लावण्यात काहीच शहाणपण नाही.

भिंतीकडेने प्राजक्त आणि जास्वंद लावावेत. नर्सरीत प्राजक्त ‘हरसिंगार’ आणि तगर ‘चांदनी’ म्हणून मागावी. मोसमी फुलांचे वाफे जमिनीपासून सहा इंच उंच करावेत. जूनअखेरीस तेरडा, झिनिया आणि कॉसमॉस पेरावेत, झेंडूचे बी जुलैच्या मध्यास टाकावे आणि रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे दसरा-दिवाळीला ऐन भर येईल. पेटुनिया, डायंथस आणि फ्लॉक्स यांची रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरात करावी लागतात, त्यामुळे ती दिवाळीपर्यंत फुलतील अशी अपेक्षा ठेवू नये; त्यांचा बहर थंडीतला आहे.

प्रश्न : अंगणात जमिनीत लावलेल्या अनंताची नवी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. शेणखत नियमित घालतो. कळ्या गळून जातात. काय करावे?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही कोवळ्या पानांवर, ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह असते, पण अल्कधर्मी मातीत ते मुळांना घेता येत नाही, म्हणून शेणखत कितीही घातले तरी हा दोष पूर्ण जात नाही. तात्पुरता उपाय म्हणून चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी पाकिटावर दिलेल्या प्रमाणात संध्याकाळी करावी. नवी पाने हिरवी येतील, पिवळी झालेली पाने मात्र फारशी सुधारत नाहीत. कायमचा उपाय म्हणजे पावसाळ्यात झाड मुळांच्या गोळ्यासह उचलून मोठ्या कुंडीत लावावे आणि कुंडीत पानांचे खत, कोकोपीट व थोडी माती असे मिश्रण भरावे. शक्य असेल तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. बोअरच्या जड पाण्याने कुंडीतली मातीही हळूहळू अल्कधर्मी होते. आयझोरा या फुलझाडालाही हाच आजार होतो आणि हाच उपाय लागू पडतो.

प्रश्न : कंपाउंडच्या भिंतीलगत लावलेली शेवंती दरवर्षी उत्तम वाढते, पण कळ्याच धरत नाही. घरामागच्या कुंडीतली तीच शेवंती मात्र भरभरून फुलते. खत दोघींना सारखेच आहे.
– एक वाचक भगिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : भिंतीपलीकडे रस्त्यावरचा दिवा आहे का, ते आधी पाहावे. शेवंतीला कळी धरण्यासाठी दीर्घ, अखंड अंधाराची रात्र लागते. रात्रभर अंगावर प्रकाश पडत राहिला, तर दिवस अजून मोठेच आहेत असे समजून ती नुसती पाने वाढवत राहते. सप्टेंबरपासून कळ्या दिसेपर्यंत झाड दिव्याच्या प्रकाशापासून दूर हलवावे. ते जमिनीत असेल तर सूर्यास्तानंतर जाड काळे कापड टाकून सकाळी काढावे. पुढच्या वर्षासाठी जून-जुलैमध्ये शेंड्याच्या फांद्या कलम म्हणून लावून ही रोपे घरामागेच वाढवावीत आणि भिंतीलगतची जागा सदाफुलीला द्यावी, तिला दिव्याचा त्रास होत नाही. शेंडे खुडण्याचे काम ऑगस्ट संपेपर्यंतच करावे.